चुन्याची डबी गेटबाहेर

प्रश्न : आम्ही निपाणीतली आठ-दहा जणं दोन गाड्या करून एका मोठ्या मॅचला गेलो होतो. पहाटे निघालो, कोगनोळीचा टोल ओलांडला, वाटेत मिसळ खाल्ली आणि दुपारी गेटवर जाऊन अडकलो. आधी माझी चुन्याची डबी वाजली. मग तंबाखूची पुडी गेली, पाण्याची बाटली गेली, पोराची पॉवर बँक गेली. मेव्हण्याच्या खिशातली चिल्लरसुद्धा ठेवून घेतली. आणि मोबाईल मात्र खुशाल आत! आता मला सांगा, बाँबच शोधायचा तर चिल्लर कशाला? आणि पॉवर बँक धोक्याची तर मोबाईल कसा नाही? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तंबाखूच्या पेठेतल्या माणसाला सात-आठ तास तंबाखूवाचून बसवायचं म्हणजे खेळाडूंपेक्षा त्याचीच कसोटी. सहानुभूती आहे. डबी परत मिळवून देणं या सदराच्या हातात नाही. ती का गेली एवढं सांगता येईल.

गेटवर लावलेली ती लांबलचक यादी आपण डोक्यात बाँब धरून वाचतो, म्हणून ती वेड्यासारखी वाटते. तीच यादी ‘मैदानात काय काय भिरकावता येईल’ म्हणून वाचून बघा. बाटली, चिल्लर, पॉवर बँक, हेल्मेट, जेवणाचा डबा, छत्री, झेंड्याची काठी... सगळं एका माळेत बसतं. आणि यातल्या बऱ्याच वस्तू कुणा साहेबाला सकाळी चहा पिताना सुचलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कुठलीतरी मॅच आहे.

बाटलीचंच घ्या. 13 मार्च 1996, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या 251 धावांचा पाठलाग करताना भारत 1 बाद 98 असा मजेत चालला होता. सचिन 65 वर यष्टिचीत झाला आणि तिथून 22 धावांत सात गडी कोसळले. 8 बाद 120. मग स्टँडमधून बाटल्या यायला लागल्या, ठिकठिकाणी कागद पेटले. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी खेळाडूंना आत नेलं, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आणून बघितलं, बाटल्या काही थांबेनात. शेवटी त्यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद असलेला विनोद कांबळी रडत परत येतानाचं ते दृश्य ज्यांनी त्या रात्री टीव्हीवर बघितलं, त्यांना आजही वेगळं सांगावं लागत नाही.

लॉइड यांना आपल्याकडच्या प्रेक्षकांची ओळख जुनीच होती. 1975 च्या जानेवारीत वानखेडेवरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद 242 धावा काढल्या. द्विशतक झाल्यावर एक पोरगा त्यांचं अभिनंदन करायला मैदानात धावला, त्याला पोलिसांनी बदडलं आणि ते बघून सगळं स्टेडियम खवळलं. म्हणजे 1975 मध्ये बॅट हातात घेऊन आणि 1996 मध्ये सामनाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून, दोन्हीकडून त्या एकाच माणसानं आपला राग पाहिला. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामधल्या उंच जाळ्या, ज्यांच्यामुळं आपल्याला चेंडू चौकोनाचौकोनांतून बघावा लागतो, त्या अशाच प्रसंगांनी उभ्या केल्या.

1996 नंतर आपण शिकलो म्हणावं, तर 5 ऑक्टोबर 2015 ला कटकला भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 92 धावांत बाद झाला आणि पुन्हा बाटल्यांचा पाऊस. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. दुसऱ्या मजल्यावरून ते खाली येतं तेव्हा खेळाडूपर्यंत पोचतंच असं नाही. बऱ्याचदा ते पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या आजोबांच्या टाळक्यात उतरतं.

आता चिल्लर. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. वजन नगण्य, पण कडा कडक, लांब जातं, आणि सीमारेषेवर पाठमोरा उभा असलेला क्षेत्ररक्षक ते येताना बघू शकत नाही. डोळ्याला लागलं तर संपलं. सगळ्या मैदानांवर चिल्लर काढून घेत नाहीत. ते त्या त्या वेळच्या बंदोबस्तावर असतं. तुमच्या मेव्हण्यांना त्या दिवशीचा साहेब कडक भेटला.

पॉवर बँकेचा प्रश्न मात्र खरा चांगला आहे. क्रिकेटचा चेंडू नियमानं 155.9 ते 163 ग्रॅमचा असतो. नेहमीच्या दहा हजार एमएएच क्षमतेच्या पॉवर बँकेचं वजन त्याहून जास्त, दोनशे ग्रॅमच्या घरात. म्हणजे चेंडूपेक्षा जड, टोकदार कोपऱ्यांची आणि हेल्मेट न घातलेल्या माणसाकडे येणारी वस्तू. शिवाय आत लिथियमची बॅटरी, जी आपटली, फुटली, तर पेट घेते. गंमत म्हणजे बेळगावच्या सांबरा विमानतळावर तुम्हाला उलटं सांगतात: पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. कारण भीती तीच, आगीची. विमानात ती डोळ्यांसमोर असलेली बरी, मैदानात ती मुळातच नसलेली बरी.

मोबाईलमध्येही तीच बॅटरी आहे, वजनही तेवढंच. मग तो कसा चालतो? एक तर आता बऱ्याचदा तिकीटच त्याच्यात असतं, त्यामुळं मोबाईल अडवायचा तर माणसालाच अडवावं लागेल. आणि दुसरं, स्वतःचा मोबाईल कुणी फेकत नाही. कितीही गडी बाद होऊ देत, हप्ते बाकी असतात.

फेकण्याजोगी एक वस्तू मात्र कुणालाच काढून घेता येत नाही: पायातली चप्पल. 10 एप्रिल 2018 ला चेन्नईत आयपीएलचा सामना चालू असताना कावेरीच्या पाण्याच्या वादातून आंदोलकांनी खेळाडूंच्या दिशेनं जोडे भिरकावले. सीमारेषेजवळ रवींद्र जडेजा होता. परिणाम काय झाला? चेन्नईचे उरलेले घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला गेले आणि चेन्नईच्या चाहत्यांना तिकडे आणायला खास रेल्वे सोडावी लागली. एका जोड्यानं अख्खा संघ बाराशे किलोमीटर हलवला. घोषणा लिहिलेले फलक, निषेधाचे झेंडे, कधीकधी काळे कपडेसुद्धा गेटवर का खटकतात, ते अशा प्रसंगांवरून कळतं. काळ्या कपड्याला पोलिस किती बिचकतात हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको. 1 नोव्हेंबरचा काळा दिन आपल्याकडे दरवर्षी येतो.

राहिली तुमची डबी. ती वाजली कारण ती धातूची होती. आपण ज्या चौकटीतून जातो तिच्या दोन्ही बाजूंना तारेची वेटोळी असतात आणि त्यांतून सेकंदाला अनेकदा विजेचे छोटे झटके सोडून चुंबकीय क्षेत्र तयार केलं जातं. धातू त्या क्षेत्रात आला की त्याच्या आत क्षणभर वीज फिरते आणि धातू स्वतःचं एक अगदी क्षीण क्षेत्र परत पाठवतो. चौकट तेवढंच ऐकते. त्यासाठी लोहचुंबक चिकटणारं लोखंडच लागतं असं नाही. ॲल्युमिनियमची चुन्याची डबी, पितळी किल्ली, पट्ट्याचं बक्कल, सगळं बोलतं. पुडीतली तंबाखू, प्लास्टिकची बाटली, पावडर यांच्याबद्दल ती चौकट ठार बहिरी असते. म्हणून चौकटीनंतर हातानं चाचपणारा माणूस उभा करावाच लागतो. तुमच्या बाबतीत डबीनं चहाडी केली आणि पुडी त्या माणसाला सापडली.

तंबाखूवरच का डोळा? काडीपेटी आणि लायटर आगीसाठी, हे उघड आहे. विडी-सिगारेटचं म्हणाल, तर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे 2008 चे नियम स्टेडियमला ‘मोकळी जागा’ धरतच नाहीत. वर आभाळ दिसलं तरी ते बंद हॉलसारखंच. आणि चघळायच्या तंबाखूचं कारण नवीन रंगवलेल्या कोणत्याही जिन्याच्या कोपऱ्यात बघायला मिळेल.

पाण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. बाटली काढून घ्या, हरकत नाही. पण मग आत पाणी द्या. 2023 च्या विश्वचषकात प्रेक्षकांना पिण्याचं पाणी फुकट देण्याचं क्रिकेट मंडळानं जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी, 24 ऑक्टोबर 2024 ला, गहुंज्यात भारत–न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी भर उन्हात पाणी संपलं आणि लोक घोषणा द्यायला लागले. तिथल्या क्रिकेट संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. तहानलेली गर्दी हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे बाटल्या मोजणाऱ्यांच्या यादीत कुठं दिसत नाही.

प्रश्न : सामना साडेसातला आणि म्हणे साडेचारपासून या. एवढा वेळ आधी जाऊन करायचं काय? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : हिशेब करून बघू, शाळेतल्या हौद-नळाच्या गणितासारखा.

ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेची एक मार्गदर्शिका आहे, ‘ग्रीन गाइड’ या नावानं ओळखली जाते. एका फिरत्या दारातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं जातात असं धरा, असं ती सांगते. म्हणजे माणशी साडेपाच सेकंद. पण ते नुसतं तिकीट दाखवून आत जाण्याचं माप झालं. आपल्याकडे चौकट, चाचपणी, पिशवी उघडणं हे सगळं धरलं तर माणशी बारा सेकंद तरी जातातच. एका रांगेतून तासाला तीनशे. तीस हजार प्रेक्षक आणि चाळीस रांगा असतील तर सगळे आत जायला अडीच तास लागतील, तेही लोक पहिल्या मिनिटापासून एकसारखे येत राहिले तर.

आता यात निपाणीच्या वाचकांना घाला. दर दहा माणसांत एकाची डबी वाजली आणि ‘अहो साहेब, एवढ्या वेळ जाऊ द्या की’ या संवादाला तीस सेकंद गेले, तर सरासरी बाराची पंधरा सेकंद होते. अडीच तासांचे तीन तास सात मिनिटं होतात. सदतीस मिनिटं निव्वळ हुज्जतीत. त्यात आपली पद्धत अशी की साडेसातच्या मॅचला सातला पोचायचं. पहिला तासभर गेटवरचे पोलिस माश्या मारत असतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळा गाव लोटतो.

कोविडच्या काळात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद तपासत होते तेव्हा महामार्गावर काय झालं होतं ते आठवा. कागद बघायला फार वेळ लागत नव्हता. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या गयावयांना लागत होता, आणि ज्याच्याकडे होता तो त्याच्यामागं गाडीत बसून होता. मैदानाचं गेट हे तसंच नाकं आहे, फक्त गाड्यांऐवजी छाताडाला छाताड लावून माणसं उभी असतात. म्हणून यादीतल्या वस्तू घरीच ठेवायच्या त्या स्वतःसाठी कमी आणि मागच्यासाठी जास्त.

प्रश्न : बेंगळुरूला आरसीबीच्या वेळी गेट उघडी ठेवली असती तर एवढी माणसं गेली असती का? लोक म्हणतात बंद गेटमुळं झालं. – एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : तुमच्या कॉलेजातली कुणी त्या दिवशी तिथं असेल, नसेल, पण बेळगावातल्या चौकाचौकांत आदल्या रात्री फटाके वाजले होते, त्यामुळं हा प्रश्न आपल्यासाठी लांबचा नाही.

3 जून 2025 ला अहमदाबादेत आरसीबीनं अठरा वर्षांत पहिल्यांदा चषक जिंकला. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमवर सत्काराचा घाट घातला गेला. स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास, रस्त्यावर लोटलेले लोक लाखांत. आत जायला पास लागतो की कुणीही फुकट जाऊ शकतं, याबद्दल दिवसभर उलटसुलट निरोप फिरत राहिले. गेटांवर चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जीव गेले. बहुतेक तरुण, काही तर शाळकरी.

‘फुकट’ हा शब्द इथं नीट बघा. तिकीट हे पैसे गोळा करण्याचं साधन आहे असं आपण समजतो, पण सुरक्षेच्या भाषेत तिकीट म्हणजे मोजणी. कुणाला जागा आहे आणि कुणाला नाही, हे माणूस घरातून निघायच्या आधी त्याला कळतं. फुकट प्रवेशात ते कळतं गेटवर, म्हणजे नेमकं जिथं कळून उपयोग नाही तिथं. 4 जुलै 2024 ला मुंबईत टी-ट्वेंटी विश्वविजेत्यांच्या मिरवणुकीला वानखेडेत फुकट प्रवेश होता. स्टेडियम केव्हाच भरलं, गेटं लागली, मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक घुसमटले, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि रात्री रस्त्यावर चपलांचे ढीग उरले होते. चपलांचा ढीग बघून आपण हसलो. एकटी चप्पल सुटते याचा अर्थ तिच्या मालकाला खाली वाकायलाही जागा नव्हती, एवढा होतो.

आता गेटचं. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फुटांत, चार माणसं असतील तर दाटी असते पण हलता येतं. सहा-सातच्या पुढं गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी वागते. मागून कुणी हलका रेटा दिला की तो लाटेसारखा पुढं जातो आणि पुढचा माणूस भिंतीवर किंवा बंद गेटवर दाबला जातो. अशा ठिकाणी माणसं बहुधा पायाखाली तुडवून मरत नाहीत. छाती फुगवायला जागा उरत नाही, म्हणून उभ्या उभ्या गुदमरतात. मागच्याला पुढचं दिसत नाही. तो बिचारा ‘सरका की ओ’ म्हणत असतो.

मग गेट उघडलं तर? 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाबाहेर अशीच दाटी झाली. बाहेरचा दाब कमी करायला पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं गेट उघडलं. लोंढा आत शिरला आणि सरळ समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या, पुढं लोखंडी जाळ्या असलेल्या कोंडवाड्यात गेला. 97 जण गेले. तिथली चूक गेट बंद ठेवण्याची नव्हती. उघडल्यावर माणसं कुठं जाणार हे कुणी बघितलं नव्हतं. उलट उदाहरण पेरूतल्या लिमाचं: 24 मे 1964, पंचांच्या निर्णयावरून दंगा, पोलिसांचा अश्रुधूर, लोक जिन्यांवरून खाली धावले आणि खालची दारं बंद. तीनशेहून जास्त मेले. म्हणजे एकीकडे उघडलेल्या गेटनं मारलं, दुसरीकडे लावलेल्या.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की गेटापर्यंत एवढी माणसं पोचू दिली, तिथंच उशीर झाला होता. अर्धा किलोमीटर अलीकडे, प्रत्येक रस्त्याच्या तोंडावर, ‘ज्याच्याकडे पास तोच पुढं’ हे झालं असतं तर गेट उघडं की बंद याला महत्त्व उरलं नसतं. बेंगळुरूनंतर राज्य सरकारनं गर्दी नियंत्रणाचं विधेयक आणलं, आणि महिला विश्वचषकाचे तिथले सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलले. तिथंच 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला. याच चिन्नास्वामीवरून सामने नवी मुंबईला जाण्याची ही दुसरी खेप. पहिली 2010 ची: 17 एप्रिलला मुंबई इंडियन्सच्या सामन्याआधी स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीपाशी स्फोट झाले, माणसं जखमी झाली आणि आयपीएलचे उपांत्य सामने डी. वाय. पाटीलवर नेले गेले.

ते स्फोट भिंतीच्या बाहेर झाले, हे निपाणीच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं. 13 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसमध्ये फ्रान्स–जर्मनी सामना चालू असताना तीन हल्लेखोरांनी स्वतःला उडवलं, तेही स्टेडियमच्या बाहेरच. आत हजारोंच्या गर्दीपर्यंत त्यांना जाता आलं नाही. झडतीनं आतली माणसं वाचतात हे खरं. पण झडतीसाठी उभी राहिलेली रांग मात्र झडतीच्या बाहेर असते. म्हणून ती रांग लांब होऊ न देणं हीच मोठी सुरक्षा, असं माझं मत आहे, आणि ते बंदोबस्तावरच्या एखाद्या हवालदाराला विचारलंत तर तोही मान हलवेल. विचारायला फक्त तो मोकळा सापडला पाहिजे.

जाता जाता आपल्या घरचंही. 26 नोव्हेंबर 1995 ला नागपुरात भारत–न्यूझीलंड सामन्याच्या मधल्या सुटीत नव्या स्टँडची भिंत कोसळली आणि नऊ प्रेक्षक मेले. त्यांची झडती कुणी चुकवली नव्हती, तिकीटही खरं होतं. खिसे तपासायला माणूस होता. भिंत तपासायला नव्हता.

प्रश्न : एकदा बाहेर पडलं की परत आत का सोडत नाहीत? तिकीट तर आपलंच असतं. – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : कारण आपल्या पिढीनं काय काय केलंय ते त्यांना ठाऊक आहे. पूर्वी बाहेर जाताना हातावर शिक्का मारायचे. तो ओला असतानाच दुसऱ्याच्या मनगटावर दाबला की एका तिकिटात दोघे. मीही हे केलेलं आहे. सामन्याचं नाव सांगत नाही. तिकिटाचा अर्धुक भिंतीवरून खाली टाकणं हा त्याचाच चुलत प्रकार.

आता चौकोनी ठिपक्यांचा कोड एकदा वाचला की यंत्राच्या लेखी ते तिकीट संपलं. दुसऱ्यांदा वाचलं तर लाल दिवा. हे कटकटीचं वाटतं, पण 1 जानेवारी 1967 ला ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली होती. लोक सीमारेषेच्या आत गवतावर येऊन बसले, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, स्टँड पेटले आणि त्या दिवशीचा खेळच झाला नाही. तिकीट हे भांडणाचं मूळ किती जुनं, याचं उत्तम स्मारक म्हणजे खुद्द वानखेडे स्टेडियम. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या सामन्यांची तिकिटं कुणाला किती, यावरून ते चालवणारा क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं आणि शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधून टाकलं.

प्रश्न : बायकांची झडती कोण घेतं? आणि नको म्हटलं तर? – एक गृहिणी, खानापूर

उत्तर : बाईची झडती बाईनंच, आडोशाला. बाई कर्मचारी नसेल तर थांबून मागा, तो तुमचा हक्क आहे. गेटवरचा खासगी सुरक्षा रक्षक पोलिस नसतो. तो तुम्हाला झडतीसाठी विचारू शकतो, तुम्ही नाही म्हणू शकता, मग तो आत सोडायचं नाही म्हणू शकतो. त्यापुढं त्याचा अधिकार जात नाही. तान्ह्या बाळाचं दूध आणि औषधं सहसा सोडतात; औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

प्रश्न : आपल्या आनंदवाडीच्या आखाड्यात हजारो माणसं कुस्त्या बघतात. तिथं ना चौकट ना चाचपणी. कुणी बाटली फेकल्याचं ऐकलं नाही. क्रिकेटवाल्यांनाच एवढं काय? – एक जुना पैलवान, बेळगाव

उत्तर : वस्ताद, प्रश्न वर्मावर ठेवलात.

आखाड्यात बसलेला माणूस एकटा नसतो. तो गावचा, तालमीचा, भावकीचा म्हणून येतो. शेजारचा त्याला ओळखतो, नाहीतर दहा मिनिटांत ‘कुठलं गाव?’ विचारून ओळख काढतो. बाटली उचलली की पाठीमागून हात धरणारा त्याच्याच गावचा निघतो. आणि फेकायची कुणावर? हौद्यात उतरलेला पोरगा आपल्याच शिवारातला असतो. क्रिकेटच्या स्टँडमध्ये तुमच्या डाव्या-उजव्या खुर्चीवर बसलेल्यांची नावं तुम्हाला तीन तासांनंतरही माहीत नसतात.

जागेचाही वाटा आहेच. कोल्हापूरचं खासबाग शाहू महाराजांनी 1912 मध्ये पुरं केलं. युरोपात त्यांनी रोमचं जुनं रंगस्थळ बघितलं होतं. गोल, वाडग्यासारखा उतार, मधे हौदा. शेवटच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. दिसत असलं की माणूस उठत नाही, उठला नाही की मागचा ओरडत नाही.

पण कुस्तीवाले फार साधू आणि बाकीचे दंगेखोर असं म्हणायला जाऊ नका. त्याच कोल्हापुरात, खासबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने होतात. तिथंही सगळे एकमेकांना नावानं ओळखतात. उलट फार ओळखतात. समर्थकांत दगड-बाटल्या झाल्यात, पोलिसांचा बंदोबस्त वाढलाय. म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी कापते: कुस्तीत जोडीगणिक गावं बदलतात, राग साठायला वेळ मिळत नाही, फुटबॉलमध्ये एक पेठ विरुद्ध एक पेठ, दीड तास, आणि मागच्या वर्षीचा हिशेब बाकी.

आपल्या बेळगावच्या ऑटोनगरातल्या क्रिकेट मैदानाचंही सांगतो. 2019 च्या उन्हाळ्यात भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ तिथं खेळले. अभिमन्यू ईश्वरननं 233 काढल्या आणि काही दिवसांनी पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं एकदिवसीय सामन्यात नाबाद 187. पुढं देशभर गाजलेली ही बॅट आपल्या गावात, कसलीही धक्काबुक्की न सोसता बघायची संधी होती. मोठ्या नावांच्या सामन्याला पहाटे उठून चारशे किलोमीटर जाणारे आपण अशा वेळी कुठं असतो, हा प्रश्न मला कुणी पाठवलेला नाही.

ताजा कलम, निपाणीच्याच वाचकांचा : पुढच्या वेळी डबी ठेवू कुठं?

उत्तर : गाडीत, पुढच्या कप्प्यात. गेटवर सामान ठेवायची सोय आहे असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी ती नसते आणि ढिगात टाकलेली वस्तू परत सापडत नाही. पॉवर बँक नको असेल तर मोबाईल वाटेत गाडीतच पूर्ण भरून घ्या, तिकीट त्याच्यातच आहे. हेल्मेट न्यायचा प्रश्न तुम्हाला नाही. चिल्लर टोलनाक्यावरही आता लागत नाही, तेव्हा ती घरी देव्हाऱ्यापाशी ठेवलीत तरी चालेल. पुडी मात्र ड्रायव्हरच्या ताब्यात देऊ नका. मॅच संपून तुम्ही परत येईपर्यंत तोही सात तास मोकळाच बसलेला असतो.